चमकीच्या रंगाशिवाय तलवार: मिनिएचर रंगवणाऱ्या नवख्यांसाठी

स्वयंपाकघरातला स्टीलचा डाव घ्या, ट्यूबलाइटखाली धरा आणि दोन मिनिटं नीट बघा. तो ‘चंदेरी’ कुठेच दिसणार नाही. एक लांबट पांढरी फीत दिसेल, ती ट्यूबलाइट. तिला अगदी चिकटून जवळजवळ काळा पट्टा, ते तुमचं डोकं. एका कडेला भिंतीचा मळकट पिवळा आणि खाली ओट्याच्या दगडाची काळपट छाया. डाव जरा फिरवला की सगळं सरकतं. धातू समोर जे असेल ते परत दाखवतो आणि आपला मेंदू त्या पांढऱ्या-काळ्या शेजारावरून ‘हे स्टील’ असं ठरवून टाकतो.

चमकीचा रंग न वापरता धातू रंगवायची पद्धत याच फसवणुकीवर उभी आहे. छंदातली माणसं तिला ‘नॉन-मेटॅलिक मेटल’ किंवा नुसतं ‘एनएमएम’ म्हणतात. साध्या राखाडी रंगांतून पोलाद, साध्या तपकिरी-पिवळ्यातून सोनं. मिनिएचरच्या, म्हणजे बोटाएवढ्या छोट्या मूर्त्यांच्या, जगात ती गाजली २००० सालाच्या आसपास, आणि त्यात फ्रान्समधल्या रॅकहॅम कंपनीच्या मूर्त्या रंगवणाऱ्यांचा मोठा वाटा होता. कल्पना मात्र फार जुनी. इटलीतल्या अल्बर्ती या कलापंडिताने १४३५ मध्येच चित्रकारांना सांगून ठेवलं होतं की चित्रात सोन्याचा वर्ख लावू नका, सोन्याचं तेज साध्या रंगांतून उभं करणाऱ्याचं कौतुक जास्त. आपल्याकडे राजा रविवर्म्यांच्या लक्ष्मीचे दागिने जवळून बघा: तपकिरी, गेरूकडे झुकणारा पिवळा आणि मोहरीएवढा पांढरट ठिपका, बस्स. गंमत म्हणजे त्यांच्याच छापील चित्रांवर लोकांनी हौसेने खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या. हौसेला मोल नाही!

मग बाजारात सोनेरी-चंदेरी रंग मिळतात ते का वापरायचे नाहीत? खुशाल वापरा. पन्नास शिपायांची पलटण रंगवायची असेल तर मीही तेच वापरतो. पण त्या रंगात अभ्रकाचे किंवा ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते तुमच्या खोलीतला दिवा परावर्तित करतात. मूर्ती फिरवली की चमक भलतीकडे जाते, फोटोत कधी सगळं पांढरं तर कधी सगळं मातकट येतं. साध्या रंगात चमक कुठे बसवायची ते तुम्ही ठरवता आणि ती तिथेच राहते. एखादा सरदार, एखादी स्पर्धेची मूर्ती, कपाटात दर्शनी ठेवायचा एखादा योद्धा यांच्यासाठी ही मेहनत करावी.

सामान

सुरुवातीला ३२ मिलिमीटरची, सरळ आणि रुंद पात्याची तलवार असलेली एक मूर्ती घ्या. रेझिनची थ्रीडी प्रिंट चालेल, प्लास्टिकची चालेल. वळणदार तलवार, साखळ्यांचं चिलखत, नक्षीदार ढाल हे सगळं नंतर. आमच्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायचे मातीचे मावळे मिळतात, सरावाला तेही उत्तम, कारण बिघडला तर हळहळ वाटत नाही. फक्त कच्ची माती पाणी पिते. प्रायमरचे, म्हणजे रंगाआधीच्या पायाच्या थराचे, दोन हात दिल्याशिवाय त्यावर पातळ रंग टिकत नाही.

रंग ॲक्रिलिक. मिनिएचरसाठीचे परदेशी ड्रॉपर बाटल्यांतले रंग छान असतात, पण महाग. कॅम्लिनच्या ट्यूबमधल्या ॲक्रिलिकवरही शिकता येतं, मी त्यावरच शिकलो. ट्यूबचा रंग दाट असतो, एवढं लक्षात ठेवून जास्त पातळ करायचा. सात नळ्या पुरतात: काळा, टायटेनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि एक उजळ पिवळा.

ब्रश दोन. एक ० किंवा १ नंबरचा, टोकदार; दुसरा जुना, रंग कालवायला. नवखे लोक हमखास ०००० नंबरचा केसाएवढा ब्रश आणतात आणि फसतात. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, टेबलावरून मूर्तीपर्यंत येईस्तोवर टोक वाळलेलं असतं. बारीक रेघ ब्रशच्या टोकामुळे येते, जाडीमुळे नाही. परवडला तर कोलिन्स्की, म्हणजे मुंगसासारख्या एका प्राण्याच्या शेपटीच्या, केसांचा घ्या. आणि टोक करायला ब्रश तोंडात घालू नका. सवय लागली की सुटत नाही, आणि काही रंगांत कॅडमियम असतं.

ओला पॅलेट मात्र हवाच. घट्ट झाकणाचा चपटा डबा घ्या, तळाला चौघडी केलेला टिश्यू किंवा पातळ स्पंज ठेवून भिजवा, वर बटर पेपर पसरून हवेचे बुडबुडे बोटाने काढून टाका. कागदावर पाणी तरंगलं नाही पाहिजे, खालून नुसता ओलावा आला पाहिजे. किराणा दुकानातल्या काही बटर पेपरमधून ओलावा अजिबात येत नाही; दुकान बदला. असा पॅलेट नसेल तर मे महिन्यात पंख्याखाली मिसळलेली छटा तुमचा चहा होईपर्यंत वाळून जाते. पावसाळ्यात उलट त्रास: डबा चार दिवस बंद राहिला की बुरशी. पाणी बदलत राहा.

आधी प्रायमर

मूर्ती साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा, साच्याच्या रेषा ब्लेडच्या पाठीने खरवडा. तलवारीवर ती रेष राहिली तर पुढचं सगळं वाया, कारण आपण जिथे आरशासारखं गुळगुळीत भासवणार तिथेच खडबडीत उंचवटा दिसणार.

काळा प्रायमर सगळीकडे द्या. तो वाळला की वरून, साधारण पंचेचाळीस अंशातून, पांढरा किंवा फिकट राखाडी हलकेच फवारा. मूर्तीवर आपोआप उजेड-सावलीचा नकाशा उमटतो. त्याचा एक फोटो काढून ठेवा, पुढे ‘इथे उजेड पडेल का?’ असा गोंधळ झाला की तोच उत्तर देतो.

पावसाळ्यात मात्र स्प्रे कॅनला हात लावू नका. एका जुलैत मी गॅलरीत उभं राहून, बाहेर धो धो पाऊस चालू असताना, तीन आठवडे रंगवलेल्या सरदारावर मॅट वार्निश मारलं. दहा मिनिटांत त्याच्यावर महाबळेश्वरचं धुकं उतरलं ते परत गेलं नाही. ओलसर हवेत ब्रशने लावायचं प्रायमर आणि ब्रशनेच लावायचं वार्निश बरं.

उजेड कुठून येतो ते ठरवा

रंगाला हात लावण्याआधी एक निर्णय: दिवा कुठे आहे? नवख्यांनी ‘वर आणि थोडा डावीकडे’ असं ठरवावं आणि संपूर्ण मूर्तीभर तेच पाळावं. तलवारीवर डावीकडून, शिरस्त्राणावर उजवीकडून असं झालं की बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण काहीतरी खटकत राहतं.

मग आकार ओळखा. सपाट पृष्ठभागावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उजेड उतरत जातो. नळीवर, म्हणजे दंडावरच्या चिलखतावर किंवा भाल्याच्या दांड्यावर, लांबीच्या दिशेने पांढरा पट्टा येतो, त्याच्या शेजारी गडद, आणि अगदी कडेला पुन्हा एक मंद उजळ रेघ. गोलावर वर एक ठिपका, खाली गडद चंद्रकोर, तळाशी जमिनीवरून परतलेला अंधुक उजेड. टोकेरी शिरस्त्राणावर कळसाकडे निमुळते होत जाणारे उभे पट्टे. हे पाठ करायची गरज नाही: सपाटासाठी सुरी, नळीसाठी लाटण्याएवढा पाइप, गोलासाठी वाटी उपडी ठेवा आणि टेबललॅम्पखाली बघून घ्या. तुमच्या टेबलावरची वाटी कुठल्याही व्हिडिओपेक्षा खरं बोलते.

तलवार

अल्ट्रामरीन आणि काळा मिसळून गडद निळसर काळा करा. त्यात पांढरा वाढवत पाच छटा पॅलेटवर रांगेने लावा: निळसर काळा, गडद राखाडी, मधली राखाडी, फिकट राखाडी, पांढरा. नुसता काळा-पांढरा घेतला तर तलवार सिमेंटची दिसते, तो निळ्याचा थेंब तिला थंड करतो.

पातळ किती करायचं? नेहमीच्या थराला रंग आणि पाणी साधारण सारखं, ट्यूबचा रंग असेल तर पाणी थोडं जास्त. सायीच्या दुधासारखं, ब्रशने ओढलं तर रेघ अखंड यावी पण उंचवटा राहू नये. ब्रश बुडवला की आधी टिश्यूवर एकदा टेका. हे टेकणं विसरलात की थेंब खळग्यात जाऊन बसतो.

पात्याला मधोमध कणा असतो, त्यामुळे दोन उतार होतात, प्रत्येकी जेमतेम मिलिमीटरभर रुंद. आख्ख्या पात्यावर मधल्या राखाडीचे दोन पातळ थर द्या आणि पूर्ण वाळू द्या. आता एका उतारावर टोकाकडच्या तिसऱ्या भागात फिकट राखाडी, मुठीकडे गडद राखाडी लावा. दुसऱ्या उतारावर बरोबर उलट: टोकाकडे गडद, मुठीकडे फिकट. अजून काहीच मऊ करू नका. पात्यावर चार ठोकळे दिसताहेत ना? दिसू देत. मूर्ती हातभर लांब धरा आणि डोळे किलकिले करा. कण्याच्या दोन्ही बाजूंना उजळ आणि गडद एकमेकांना भिडलेले दिसले की निम्मी तलवार झाली.

यानंतर छटांची दोन्ही टोकं वाढवायची. उजळ भागाच्या आत आणखी छोटा, जवळजवळ पांढरा पट्टा; गडद भागाच्या आत निळसर काळा. नवखे इथेच कच खातात. पांढरा लावायला सगळे तयार, काळा लावताना हात थरथरतो: इतकं छान चाललंय, घाण होईल. माझी पहिली तीन पाती याच भीतीने राखाडी राहिली आणि कुरुंदाच्या दगडाची दिसली. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र तुम्ही पाहिलं असेल, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तिच्या बोटांतून येणारा तो उजेड कागदावर पेटतो, कारण भोवतीचा अंधार त्यांनी हात न आखडता भरला. पात्यावरही पांढऱ्याला काळ्याची शेजारीण लागते. शुद्ध पांढरा मात्र जपून, एकूण जागेच्या विसाव्या भागाहूनही कमी.

आता सांधे मऊ करायचे. दोन शेजारच्या छटांच्या मधली छटा पॅलेटवर मिसळा, ती खूप पातळ करा, एक भाग रंगाला पाच-सहा भाग पाणी. याला ग्लेझ म्हणतात. ब्रश टिश्यूवर जवळजवळ कोरडा करून सांध्यावरून ओढा. एक बारकावा: ब्रशची ओढ जिथे थांबते तिथे सर्वांत जास्त रंग उतरतो. म्हणून गडद ग्लेझ गडद भागाकडे ओढत न्या, उजळ ग्लेझ उजळ भागाकडे. उलट ओढलंत तर नेमका नको तिथे डाग. प्रत्येक ग्लेझ पूर्ण वाळू द्या. अर्धवट ओल्यावर दुसरा हात फिरवला तर खालचा थर सोलून निघतो आणि खपलीसारखं भोक पडतं. ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतो हेही ध्यानात असू द्या. ओलं असताना बरोबर दिसलेली छटा वाळली की एक पायरी खाली गेलेली असते. चार ग्लेझमध्ये जमलं तर छान, मला अजूनही आठ लागतात.

शेवटी धार. फिकट राखाडी घ्या, ब्रशचं टोक न वापरता त्याची कूस पात्याच्या कडेवर टेकवून सरळ ओढा. कडच ब्रशला वाट दाखवते, रेघ आपोआप सरळ येते. गडद भागात ही रेघ राखाडीच ठेवा, उजळ भागात तिच्यावरून पांढरा फिरवा. पात्याच्या टोकाला आणि मुठीजवळच्या कोपऱ्याला शुद्ध पांढऱ्याचा एकेक ठिपका. हा ठिपका टेकवताना मी अजूनही श्वास रोखतो. मूर्ती जिवंत होते ती त्याच क्षणी.

लढाईतली तलवार हवी असेल तर ओरखडे काढा. बारीक गडद रेघ आणि तिच्या लगेच खाली तेवढीच फिकट रेघ. उजेड वरून येतो, म्हणून खाचेची खालची कड उजळते. वर फिकट आणि खाली गडद काढलंत तर खाचेऐवजी पात्यावर काडी चिकटल्यासारखी दिसते. तीन-चार ओरखडे पुरे.

सोनं, पितळ, तांबं

पोलादापेक्षा सोनं सोपं, असं माझं मत. थोडं चुकलं तरी ते सोन्यासारखं दिसत राहतं. सोनं निळा प्रकाश गिळतं, म्हणून त्यात दिसणारं प्रतिबिंबही पिवळ्या रंगात न्हालेलं असतं. म्हणजे सावली काळी नाही, तपकिरी. उजेडही अगदी शेवटच्या ठिपक्यापर्यंत पिवळसर.

मधली छटा यलो ऑकर. उजळ पिवळा घेऊन सुरुवात करण्याची चूक मीही केली होती. चिलखत घातलेला सरदार हळदीच्या कार्यक्रमातून थेट रणांगणावर आल्यासारखा दिसत होता. ऑकरच्या खाली बर्न्ट अंबर, त्याच्याही खाली बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीनचा थेंब. वर जाताना ऑकरमध्ये थेट पांढरा घालू नका, त्याने सोन्याचं श्रीखंड होतं. आधी उजळ पिवळा घाला, मग त्या मिश्रणात पांढरा, आणि शेवटचा ठिपका हस्तिदंती.

पट्ट्याचं बक्कल किंवा तलवारीची मूठ घ्या, आख्खं चिलखत नको. छोट्या वस्तूवर पाच छटा बसत नाहीत, तिथे तीनच: गडद तपकिरी, ऑकर, फिकट पिवळा, आणि वर ठिपका. कडा सगळ्या गडद तपकिरी रेघेने बांधून घ्या. कापड आणि धातू यांच्यामध्ये ती रेघ नसेल तर बक्कल कापडावरच छापल्यासारखं दिसतं.

पितळ हवं असेल तर ऑकरमध्ये किंचित हिरवट झाक आणा आणि सावलीत लालसरपणा टाळा. तांब्याला बर्न्ट सिएनापासून सुरुवात, वर नारिंगी, त्यावर सोललेल्या पीचसारखा फिकट गुलाबी-नारिंगी. घरात पूजेचा तांब्या, पितळी समई आणि स्टीलचा पेला असेल तर तिन्ही एका ओळीत, एकाच दिव्याखाली ठेवा. फरक चटकन कळतो.

आणि एक छोटी लबाडी: सरदाराचा शेला लाल असेल, तर त्याला लागून असलेल्या धातूच्या सावलीत अतिपातळ लाल ग्लेझ द्या. कापडाचं प्रतिबिंब धातूत पडल्यासारखं वाटतं आणि दोन वस्तू एकाच जगात येतात.

अडलं तर

तलवार दगडाची वाटतेय: गडद भाग अजून गडद करा, पांढऱ्याला हात लावू नका. तलवार कापडाची वाटतेय: छटा फार हळूहळू बदलताहेत. धातूवर कुठेतरी एक जागा अशी हवी जिथे पांढरा आणि काळा एकदम भिडतात. तलवार नुसतीच पट्टेरी वाटतेय: उजेडाच्या जागा जास्त झाल्यात, दोन पुसून टाका. रंग खरखरीत झालाय: थर जाड होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा आणि पुन्हा सुरू करा, पण रेझिनच्या मूर्तीवर आधी तळाला छोट्या जागी चाचणी घ्या.

रंगवताना दर थोड्या वेळाने मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. रंगांची भुरळ निघून जाते आणि छटांमध्ये पुरेसं अंतर आहे का ते कळतं. सोन्याचा कृष्णधवल फोटो एकसारखा राखाडी आला तर समजा, तुम्ही पिवळा रंगवलाय, सोनं नाही.

क्रोमसारखा लखलखीत, आकाश आणि जमीन दोन्ही दाखवणारा धातू बघून मोह होईल. त्याच्यासाठी बुलेटचा सायलेन्सर बघा: वर आकाशाचा निळा, क्षितिजाजवळ फिकट होत गेलेला, मग एकदम कापल्यासारखी गडद रेघ आणि खाली रस्त्याचा तपकिरी. करायला मजा येते, पण निदान पाच तलवारी हातावेगळ्या केल्यावर.

वार्निश मॅट. ग्लॉस मारलंत तर खोलीतला खरा दिवा तुमच्या रंगवलेल्या दिव्याशी भांडतो आणि दोन्ही हरतात. ब्रशने पातळ एक हात द्या, रात्रभर भांड्याखाली झाकून ठेवा म्हणजे धूळ बसणार नाही. सकाळी बघाल तेव्हा शेवटचे पांढरे ठिपके थोडे मंदावलेले असतील. ते पुन्हा लावा, आणि त्यावर वार्निश देऊ नका.